लोणीगुरूंचा पांढरा कागद

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढची रांग धरायला लोक दोन तास आधी आले होते आणि वेळ जावा म्हणून डब्यातलं लोणी चमच्याने खात होते. व्यासपीठावर दोन टेबलं. पहिल्याशी नवे साधक, दुसऱ्याशी सात दिवस पूर्ण केलेले. नव्या साधकाने कागदावर अंगठा टेकवायचा, लोणीगुरूंनी त्यावर पारखजलाचा तांबूस थेंब सोडायचा, की क्षणात कागद काळानिळा.

"बघा," गुरू म्हणत, "जन्मभर गिळलेला मैदा. बाहेर पडायला अंगठा शोधत होता बिचारा."

लोक हसत आणि घाबरतही. मग सात दिवस पाव, बटाटा, साखर बंद. अंडी, मासे, लोणी, अक्रोड चालू. आठव्या दिवशी दुसऱ्या टेबलावर पुन्हा अंगठा, पुन्हा थेंब, आणि कागद पांढराच. नुसता पिवळट ओला डाग. म्हणजे रक्त निर्मळ. मग आपली औषधं दाराजवळच्या टोपलीत टाकून घरी जायचं. टोपली निम्मी भरली होती.

माझी आक्का आज आठव्या दिवसाच्या रांगेत होती. तिच्या पर्समध्ये इन्शुलिनचं पेन होतं. तेरा वर्षं ती त्यावर होती.

"आक्का, डॉक्टरीणबाईंना एकदा विचारू या ना," मी चौथ्यांदा म्हणालो.

"धाकट्या, अडीच किलो उतरले माझे. वजनकाटा खोटं बोलतो का?"

मला उत्तरं नेहमी उशिरा सुचतात. मी पुस्तकबांधणी करणारा. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागच्या मागे सरकतो.

"हे धर," म्हणून आक्काने रांगेत मिळालेला तिचा आजचा कोरा कागद माझ्या हातात दिला आणि ती पर्स उघडू लागली.

माझी बोटं थबकली. नव्यांच्या टेबलावरचे कागद पंख्याखाली खडखडत होते. हा मऊ होता, लुळा. शाई टिपायचा टीपकागद.

लिहायच्या कागदाला बहुधा कारखान्यातच खळ देतात, म्हणून शाई फुटत नाही. टीपकागदाला खळ नसते. आणि पारखजलाचा वास? तो माझ्या ओळखीचा होता. कटरने बोट कापलं की मी आयोडीन लावतो. एकदा त्याचा थेंब खळीच्या भांड्यात पडला, खळ काळी झाली आणि मी घाबरून अख्खं भांडं ओतून दिलं. खूप वर्षांनी रसायनशास्त्राचं एक पुस्तक बांधता बांधता वाचलं: आयोडीनने स्टार्च काळानिळा होतो. खळ म्हणजे तरी काय, शिजवलेला मैदाच.

पण माझं चुकलं तर? चारशे माणसं हसतील. बरोबर असलं तरी हसतील.

आक्काने पेन बाहेर काढलं.

"जरा ऐकता का," मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही. मग काही न सुचून मी व्यासपीठावर चढलो, पिशवीतून दुपारचा पाव काढला आणि खायला लागलो.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"काका, हे काय?" गुरू म्हणाले.

"पाव." मी तोंडातला घास गिळला, अंगठा रुमालाला पुसला आणि आक्काच्या कागदावर टेकवला. "आता थेंब टाका."

गुरूंचा हात बाटलीवरच राहिला. "तो कागद त्या बाईंसाठी सिद्ध केलेला आहे."

"कागदाला काय माझं नाव माहीत आहे?" खालून आक्का म्हणाली. ती वर आली, बाटली उचलली आणि थेंब सोडला.

कागद पांढराच.

आक्काने माझ्याकडे पाहिलं, मग नव्यांच्या गठ्ठ्यातला एक कागद ओढला, त्यावर स्वतःचा अंगठा टेकवून थेंब टाकला. काळाकुट्ट.

"सात दिवस पावाचा कणही खाल्ला नाही मी," ती हळू आवाजात म्हणाली.

"आक्का, आता अंगठाच नको. नुसत्या कोपऱ्यावर टाक."

कोपरा काळा पडला.

"संशयाची कंपनं आहेत ही," गुरू म्हणाले.

"कंपनं कागदालाच बरी लागली," दुसऱ्या रांगेतल्या शिंपीणबाई उठल्या. "माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठायत?"

मग टोपलीभोवती जी झुंबड उडाली, तिच्यात माझं आयोडीन आणि खळीवरचं भाषण कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. 'पाकिटावरचं नाव वाचून घ्या,' एवढं मात्र मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदाच ओरडलो असेन.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी आक्काला रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, पीठ-साखर बंद केली की शरीर आतला साखरेचा साठा वापरतं, आणि त्या साठ्याने धरून ठेवलेलं पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्याचं उतरलेलं वजन बरंचसं ते पाणीच. पीठ कमी करायला हरकत नाही. पण इन्शुलिन किती घ्यायचं ते साखर मोजून आणि डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं, अंगठ्याला विचारून नाही.

आक्का अजून सकाळी अंडी खाते. पेन पर्समध्येच आहे.

माझं सांगणं फार मोठं नाही. कुणी चमत्कार दाखवला तर जरूर बघा, पण कागद आधी आपल्या हातात घ्या. आणि माझ्यासारखी भीती वाटली, तर घाबरतच विचारा.