दहा अंशांची मान

"बाबा, मान हलवू नका. नाकासमोर बघा."

"नाकासमोरच बघतोय. गेली नऊ वर्षं दुसरीकडे बघतोय कुठे?"

मुलगी हसली नाही. ती वडिलांच्या टोपीच्या कडेला प्लास्टिकची एक क्लिप अडकवत होती. क्लिपला तीन चकचकीत ठिपके होते, आणि संगणकाच्या पडद्यावर काडेपेटीएवढा एक कॅमेरा बसवला होता. कॅमेऱ्यानं त्या ठिपक्यांवर नजर ठेवायची आणि टोपी जिकडे वळेल तिकडे पडद्यावरचं दृश्य वळवायचं, असा सगळा प्रकार. मुलगी संगणक दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. कुणा हौशी गिऱ्हाइकानं चार दिवसांत हौस फिटल्यावर हे यंत्र तिथंच टाकून दिलं होतं.

"आता डावीकडे बघा."

त्यानं मान वळवली. वळवली म्हणजे जेवढी वळत होती तेवढी.

"संपली," तो म्हणाला. "माल एवढाच आहे."

"दहा अंश असेल. पुरे झालं." तिनं कसलेसे आकडे वाढवले. "तुम्ही दहा फिरवा, विमानातला माणूस शंभर फिरवेल. फक्त एक सांभाळा. मान वळली तरी डोळे पडद्यावरच ठेवायचे. डोळे मानेबरोबर गेले तर नुसती भिंत दिसेल."

तो बसचालक होता, एकतीस वर्षांच्या नोकरीचा. मानेचे मणके एकेक करून एकमेकांना धरून बसले होते. डॉक्टर म्हणाले होते, हा रोग मारत नाही, फक्त ताठ करतो. डेपोतल्या मंडळींना तेवढंच पुरलं; त्यांनी त्याचं नाव 'पुतळा' ठेवून टाकलं. नाव ठेवायला डेपोत कुणाला वेळ कमी पडल्याचं ऐकिवात नाही.

मुलीनं लग्नानंतर मागे ठेवलेल्या संगणकावर हा गृहस्थ खेळातलं विमान उडवायचा. दोन माणसांचं छोटं विमान, ठरलेलं एकच मैदान. वर जायचं, गोल चक्कर मारायची, खाली यायचं. बायको म्हणायची, "एवढं उडून परत तिथंच? मग गेलात कशाला?" तो म्हणायचा, "बसचंही तेच आहे. तिथं नाही कधी विचारलंस."

अडचण होती ती उतरण्याची. उतरताना धावपट्टी डाव्या खांद्यामागे असते, तिच्याकडे बघत बघतच वळावं लागतं. मान वळत नाही म्हणून तो बटणं दाबून बघायचा, आणि बटण सापडेपर्यंत धावपट्टी निघून गेलेली असायची. त्या रविवारी त्यानं टोपी घातली, मान जराशी वळवली, आणि विमानाची काच, पंख, पंखाखालची शेतं सगळं सरसर फिरलं. अजून थोडी वळवली, तर थेट मागची शेपटी दिसली. नऊ वर्षांनी तो खांद्यावरून मागे बघत होता. त्याचे डोळे भरून आले. मुलीला वाटलं पडद्याचा उजेड जास्त झाला, म्हणून तिनं तो कमी केला.

मग रोजच सुरू झालं. ड्युटीवरून आलं की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा, टोपी चढवायची. "वैमानिक साहेब, उतरलात की भाजी निवडायला या," असं बायको आतून ओरडायची, आणि तो खरंच उतरून जायचा. तीन महिन्यांत मान डावीकडे आणि डोळे समोर हे त्याच्या अंगवळणी पडलं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. स्टिअरिंग हातात असतानाच घरी जायचं, एवढी एकच इच्छा त्यानं धरली होती. त्यासाठी तो काय काय करायचा! वर्षातून एकदा तपासणी व्हायची. डॉक्टर म्हणायचे, हनुवटी खांद्याला लावा. हा दोन मापं मोठा गणवेश घालून जायचा, आणि आतल्या आत खांदाच हनुवटीकडे आणायचा. डॉक्टरांसमोर साठ जणांची रांग असायची, ते कशाला कॉलर उचलून बघतात? पण बस मागे घेताना मात्र त्यानं कधी लबाडी केली नाही. आरशात थेट पाठीमागचं दिसत नाही, म्हणून सीटवरून अर्धा उठायचा, कमरेतून सगळं धड फिरवायचा आणि मागच्या काचेतून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. लोक हसायचे. हसू देत, असं त्याला वाटायचं.

त्या दिवशी दुपारी शेवटची फेरी करून तो डेपोत शिरला. कंडक्टर हिशेबाला उतरून गेला होता. बस धुवायच्या कट्ट्यावर उलटी लावायची होती. पाय दुखत होते, डोकं जड झालं होतं. त्यानं उलटा गिअर टाकला, डावीकडे बघितलं, मागे बघितलं, रस्ता मोकळा होता. बस मागे सरकली.

कर्रर्र आवाज झाला, तसा त्यानं कचकन ब्रेक मारला.

खाली उतरून मागे गेला, तर चाकाखाली स्टीलचा डबा सपाट झालेला. शेजारी गोणपाट पसरलेलं, त्यावर चमचा. बस धुणारी मावशी नळाकडून बाटली भरून येत होती.

"आई गं! माझा डबा!" तिनं कपाळावर हात मारला, आणि मग त्याचा चेहरा बघून तीच हसली. "अहो दादा, असू दे हो. पाण्याला उठले म्हणून बरं, नाहीतर डब्याबरोबर मीपण चपटी! कुणाला सांगू नका, मीपण नाही सांगत. मला कुठं इथं बसायची परवानगी आहे?"

तो तिथंच कट्ट्यावर बसला.

घरी येऊन त्यानं टोपी घातली नाही, रिकाम्या पडद्यासमोर नुसता बसून राहिला. मी बघितलं होतं, तो स्वतःशी म्हणत होता. मागे गोणपाट नव्हतं, मावशी नव्हती, काही नव्हतं. मग त्यानं सहज मान डावीकडे केली, आणि त्याच्या अंगावर काटा आला. मान दहा अंश वळली होती. डोळे समोरच होते. बसमध्येही तो असाच बसला होता, पुढच्या काचेकडे बघत, जग आपोआप फिरून मागचं दाखवेल म्हणून. आणि त्याच्या मनानं मोकळी जागा दाखवूनही टाकली होती. तो सीटवरून उठला नव्हता. गेले किती दिवस उठत नव्हता, हेही आता त्याला सांगता येईना.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"मावशीशिवाय कुणी पाहिलं?"

"नाही."

"मग झालं तर. उद्यापासून नीट उठून बघा."

"उद्या उठेन गं. परवाही उठेन. एखाद्या दिवशी दमलेला असेन, आणि त्या दिवशी उठलो नाही हे मलाच कळणार नाही."

"दोन वर्षांचा तर प्रश्न होता हो," एवढंच ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

"पोरीला सांगू नकोस," तो म्हणाला. "उगाच मनाला लावून घेईल. तिनं मला चांगलंच दिलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डेपो मॅनेजरसमोर उभा राहिला. मॅनेजर त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, स्वभावानं बरा. डबा कुणाचा होता ते त्यानं सांगितलं नाही, बाकी सगळं सांगितलं.

"काका, एका डब्यासाठी एवढं?" मॅनेजर कागद चाळत म्हणाला. "तपासणीत तुम्ही पास आहात. मला चालक कमी पडतायत. जा बरं, गाडी काढा."

त्यानं गणवेशाची बटणं काढली, शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि नुसत्या बनियनवर उभा राहिला. वरून पंखा गरगरत होता. त्याला लाज वाटत होती, पण त्यानं हात बाजूला सरळ ठेवले.

"साहेब, मला मागून हाक मारा."

"काय?"

"मागे जाऊन उभे राहा आणि हाक मारा."

मॅनेजर उठला, त्याच्या पाठीमागे गेला. "काका," तो म्हणाला.

त्यानं मान वळवली. मानेची शीर ताणली, जबडा थरथरला, आणि कानामागचा एवढासा भाग हलला. मॅनेजरनं तिकडे पाहिलं आणि मग खुर्चीवरचा शर्ट उचलून त्याच्या हातात दिला.

"घाला," तो हळूच म्हणाला. "घाला, काका."

सोमवारपासून त्याला डेपोच्या आवारात नेमलं. काम एवढंच: गाड्या मागे येताना त्यांच्यापाठी उभं राहायचं आणि शिट्टी द्यायची. पहिल्याच सकाळी त्याची स्वतःची गाडी आली, अकरा वर्षं त्यानं चालवलेली. वर दुसरा चालक होता. त्यानं खिडकीतून हात हलवला, जरा ओशाळून.

हा गाडीमागे गेला. पाय उचलून पूर्ण डावीकडे वळला, कट्ट्यापर्यंत बघितलं. पुन्हा पाय उचलून पूर्ण उजवीकडे वळला, नळापर्यंत बघितलं. लांब उभे असलेले दोघेतिघे गंमत बघत होते, पण आज कुणी 'पुतळा' म्हणून हाक मारली नाही. मग त्यानं शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. गाडी हळूहळू मागे येऊ लागली. वरच्या चालकानं एकदाही वळून पाहिलं नाही. त्याचा सगळा भरवसा शिट्टीवर होता.

"येऊ दे... येऊ दे... बस!"

त्यानं मागच्या पत्र्यावर थाप मारली. गाडी थांबली, इंजिन बंद झालं, चालक उतरून चहाला निघून गेला. तरी त्याचा हात काही वेळ त्या गरम पत्र्यावर तसाच होता.