एका पानाचं मीठ

पोरांनो, जरा डोळे मिटा आणि एक कढई मनात आणा. एवढी मोठी, की तुम्ही दोघं-तिघं तिच्यात बसून चिंचोके खेळाल आणि आई हाका मारत गावभर फिरली तरी सापडणार नाही. आणली? आता तिच्याशेजारी एक म्हातारा उभा करा. अंगात बंडी, खांद्यावर लाल गमछा, हातात फावड्याएवढा झारा. हा केदारखेड्याचा रामकिसन आचारी. आता ती कढई बाजूला सारा आणि त्याच्यासमोर गॅसवर तळहाताएवढा तवा ठेवा.

पहिलवानाला कुणी बाहुलीचं झबलं शिवायला बसवावं, तसा रामकिसन त्या तव्याकडे बघत होता.

"एकच करायचा?" त्याने पुन्हा विचारलं.

"एकच, बाबा," भारत म्हणाला. "खाणारी एकच हाय न."

भारत हा त्याचा मुलगा. पोर्तुगाल देशात पोर्तो नावाचं शहर आहे, तिथे तो कंपनीत कामाला. सुट्टीत बायकोला, ज्योत्स्नाला, आणि लेकीला घेऊन आला होता. लेक प्रियदर्शनी, वय वर्षं सहा, जन्म तिकडचाच. पण मराठी शिकली ती आईबापाच्या तोंडून, त्यामुळे बोलायला लागली की थेट भोकरदनच्या बाजारातून आल्यासारखी वाटे. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाली, "आबा, लय गरम होऊन राह्यलं न." सगळी गल्ली खूश झाली.

फक्त ते तोंड बोलायलाच उघडत होतं. खायला नाही. भाकरीच्या कडा टोचतात, वरण फार पिवळं आहे, वांगं आपल्याकडे बघतं. आल्यापासून पोरगी दूध-बिस्किटावर होती.

आता विचार करा. तालुक्यात लग्न असो की जयंती, रामकिसनच्या हातचं जेवून बोटं न चाटता उठलेला माणूस दाखवा आणि बक्षीस घ्या, असं लोक म्हणायचे. पंगत बसली की तो गमछा खांद्यावर टाकून पानापानाशी जाई आणि विचारी, "मीठ बराबर हाय का?" स्वतः आधी कधी चाखत नसे. वासावर काम. त्याच्या गुरूने तसंच शिकवलं होतं. वाढून होईपर्यंत आचाऱ्याची जीभ उपाशी पाहिजे, आणि आचारी जेवतो सगळ्यांच्या शेवटी. अशा माणसाच्या घरात नात बिस्किटं खात होती, आणि परवा ती परत जाणार होती. पुन्हा कधी येईल, आणि ती येईल तेव्हा आपला हात चालत असेल का, हे त्याला कोण सांगणार?

म्हणून आज सकाळी तो तिच्यापुढे उकिडवा बसला. "बाई, तुला काय पाहिजे ते तरी सांग."

"फ्रान्सेसिन्या," प्रियदर्शनी म्हणाली.

भारतने मोबाइलवर फोटो दाखवला. "पावाचा प्रकार हाय, बाबा. पावात दोन-तीन तऱ्हेचं मांस, वरतून चीज वितळलेलं, त्याच्यावर अंडं, आणि सगळ्यावरून गरम तिखट रस्सा. बाजूला तळलेल्या बटाट्याच्या काड्या. नावाचा अर्थ फ्रान्सची पोरगी."

"राहायचं पोर्तुगालात आन खायची फ्रान्सची पोरगी," आजी बेबीनंदा चुलीपासून म्हणाली. "काय लोक हायेत."

"चांगली कुठं भेटती?" रामकिसनने धंद्याचा प्रश्न विचारला.

"त्याच्यावर तर तिथं भांडणं होतात. जो तो म्हणतो, आमच्या कोपऱ्यावरच्या हाटेलात खा, बाकी सगळे पाणी पाजतात."

रामकिसनला एकदम बरं वाटलं. ही माणसं आपल्यातलीच होती.

"रश्शात काय?"

"टमाटे, मिरची." भारतने आवाज उतरवला. "आन बिअर."

"माझ्या पातेल्यात दारू पडणार न्हाई," चुलीपासून आवाज आला. विषय संपला.

तर असा तो तवा चढला, आणि शेजारी रश्शाचं पातेलं. रामकिसनने येसर काढलं. तुमच्या घरी करत असतील. धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, आमटीला घट्ट करणारं. बिअरच्या जागी त्याने तेच धरलं. कोंबडी शिजली, टमाटे आटले, येसराचा वास तर असा सुटला की शेजारचा रखमाजी चहाचं निमित्त काढून येऊन बसला.

प्रियदर्शनीने बोट बुडवलं, चाटलं आणि डोळे गच्च मिटले.

"समुद्र," ती म्हणाली.

खरंच होतं. रामकिसनचा हात मिठाच्या डब्यात गेला की मूठ भरूनच वर येई. त्याने दुसऱ्यांदा रस्सा केला. या वेळी घाबरून मीठ टाकलंच नाही, आणि येसर इतकं पडलं की रश्शात चमचा उभा राहिला. तिसऱ्यांदा बेबीनंदा मदतीला उभी राहिली. तिने चिमूट हातावर ठेवली, तर रामकिसन म्हणाला, "ही काय मुंगीच्या बारशाची हाय का?" आणि वर आपली मूठ टाकली.

"अवो, एका लेकराचं जेवण हाय."

"मला कुठं म्हाईत हाय एका लेकराचं?" रामकिसन खाली बसला. "भारत ल्हान होता तव्हा मी कुठं घरी होतो. दुसऱ्याच्याच लग्नात. याला तूच भरवलं. माझ्या हाताला एक पान कळतच न्हाई."

ज्योत्स्नाने हळूच विचारलं, "मामंजी, तुमच्या हाताला कमीत कमी किती पानं कळतात?"

रामकिसनने बाहेर पाहिलं. "आपली गल्ली धर," तो म्हणाला.

"मला धरलं न?" रखमाजीने विचारलं.

"तू न बोलावता आल्ता. तुला धरल्याशिवाय कसं जमंल?"

मग कढई निघाली. चौघांनी उचलून अंगणात आणली, विटांची चूल मांडली. भारत भोकरदनला जाऊन पोत्याने पाव घेऊन आला. बेकरीवाल्याने लग्न कुणाचं म्हणून विचारलं, तर हा म्हणाला, लग्न नाही, लेकीला भूक लागली आहे.

कढई पाहिली आणि रामकिसनची पाठ ताठ झाली. मूठ मिठात गेली, भरून आली, आणि कढईने ती मुकाट गिळली. तो ओरडत होता, "जल्दी, कांदा आण. बिलकुल हलवू नको. सर बाजूला." ज्या माणसाला सकाळी तवा आवरत नव्हता, तो आता गल्लीतल्या पोरांना नाचवत होता. प्रियदर्शनी पायरीवर बसून डोळे मोठे करून हे पाहत होती.

संध्याकाळी पंगत बसली. ताटात पाव, पावात कोंबडी, वर चीजची चकती, तिच्यावर अंडं. मग रामकिसनने पळीने वरून रस्सा सोडला आणि चीज मेणासारखं ओघळलं. माळकरी रखमाजीसाठी वेगळ्या पातेल्यातला रस्सा आणि पावात बटाटा.

"हा पाव मुळात त्याह्यच्याच देशातून आल्ता म्हणतात," भारतने माहिती दिली.

"मंग परत न्यायला आलात का?" रखमाजी म्हणाला. "आमचं खाऊन झाल्यावर न्या."

पंगतीत लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे अंडं मोडून रश्शात कालवावं, दुसरा म्हणे शेवटाला ठेवावं. रामकिसनने कुणाकडेही पाहिलं नाही. तो एकाच ताटापुढे उभा होता.

प्रियदर्शनीने पाव मोडला. रश्शात बुडवला. तोंडात घातला. बराच वेळ चावला.

"आमच्या कोपऱ्यावरच्यासारखं न्हाई," ती म्हणाली.

मग तिने ताट पुढे सरकवलं.

"अजून एक द्या."

रामकिसनने वाढलं, गमछा खांद्यावर टाकला आणि विचारलं, "मीठ बराबर हाय का?" तोंड भरलेलं असल्यामुळे तिने नुसती मान हलवली, आणि तो पुढच्या पानाशी गेला.

पंगती उठल्या. पोतं रिकामं झालं. रामकिसन विझत्या चुलीपाशी पाय पसरून बसला.

"आबा, तुम्ही जेवले?" प्रियदर्शनीने विचारलं.

"आचारी शेवटी जेवतो, बाई."

तिने कढईत वाकून पाहिलं. तळाला थोडा रस्सा होता. पाव एकही नव्हता.

मग ती आपल्या ताटापाशी गेली. दुसऱ्या पावातला अर्धा तिने तसाच ठेवला होता. तो तिने धुतलेल्या ताटात घातला, ताट आबांच्या पुढ्यात मांडलं, आणि तिच्या हातापेक्षा लांब असलेली पळी दोन्ही हातांनी धरून कढईचा तळ खरवडला. निम्मा रस्सा पावावर पडला, निम्मा आबांच्या गुडघ्यावर.

रामकिसनने घास घेतला. दिवसभरातला पहिला.

प्रियदर्शनीने त्याच्या खांद्यावरचा गमछा ओढून आपल्या खांद्यावर टाकला आणि विचारलं, "मीठ बराबर हाय का?"

त्याने मान हलवली. ती गंभीरपणे पुढच्या पानाशी निघाली. पुढे पान नव्हतं. मग ती वळली, त्याच्या शेजारी मांडी घालून बसली, आणि त्याच्या ताटातला एक तुकडा मोडून घेतला.