कोंबड्यांचा वाटा

मावशी रोजच्यासारखी रिकामं पोतं घेऊन भाच्याच्या बेकरीच्या मागल्या दारी आली. तिच्या चाळीस कोंबड्या इथल्या शिळ्या पावावर पोसल्या होत्या आणि त्यांची अंडी इथल्याच केकमध्ये पडत होती.

"मावशी, आजपासून पाव नाही हं," भाचा खुशीत म्हणाला. "उरलेला वाळवतो, दळतो आणि नव्या पिठात मिसळतो. 'अन्न टाकू नकोस' म्हणून तूच माझं डोकं खात होतीस ना?"

मावशी गोंधळली. शाबासकी द्यावी की भांडावं? उठता-बसता तसं बोलली होती खरी तीच.

"अरे, पण कोंबड्यांच्या पोटात जायचा, तो वाया जात होता का?"

भाच्याचं हसू ओसरलं.

"आणि उपाशी कोंबड्या अंडी देतील? मग केकमध्ये काय घालशील, माझा उपदेश?"

आता डोकं खाजवायची पाळी भाच्याची होती. तो पावाच्या चुऱ्याचा डबा घेऊन आला आणि पोत्याच्या तोंडाशी थबकला.

"किती ओतू?"

"तेच तर मला कळेना, बाबा," पोतं उघडं धरून मावशी म्हणाली. "तू ओतत राहा. दोघांपैकी कुणाला तरी कळेल, तेव्हा थांबू."