कासव जातं कधी

मासा वेद सोडवून पाण्यात परत गेला.

जिना उतरताना सुताराचा उजवा गुडघा वाजतो. वरच्या मजल्यावरच्या आजी त्या आवाजावर चहाचं आधण ठेवतात.

नरसिंह खांब फोडून आला, उंबरठ्यावर काम उरकलं आणि दिसेनासा झाला.

सुताराच्या बायकोने लाँड्रीत संध्याकाळच्या पाळीची रजा मागितली की मुकादम आधी विचारतो, "कोण गेलं?"

वामनाला तीन पावलं पुरली.

"आणि तुमच्या कासवानं काय केलं?" सुताराच्या बायकोने चादरीची घडी घालता घालता विचारलं.

"समुद्र घुसळताना डोंगर बुडायला लागला. तो पाठीवर धरला."

"मारलं कोणाला?"

"कोणाला नाही."

"नुसतं धरलं?"

"नुसतं धरलं."

"म्हणजे मी रजा टाकून तुमची पाठ बघायला यायचं!"

"आज चेहरा दिसेल," तो म्हणाला. "शेवटी उठणार आहे मी."

इतक्या वर्षांत ती त्याच्या नाटकाला एकदाही आली नव्हती. प्रयोग संध्याकाळी, तिची पाळीही संध्याकाळी. तो दिवसभर नाट्यगृहात फळ्या ठोके आणि पडदा उघडायच्या आधी कवच चढवून, मान खाली घालून, हातापायांवर ओणवा होई. त्याच्या पाठीवर बांबू-कापडाचा डोंगर बसवत. देव एकीकडून, असुर दुसरीकडून दोर ओढत. आता डॉक्टरांनी गुडघ्यांना मनाई केली होती. उद्यापासून डोंगराखाली लाकडी घोडी राहणार होती. ती त्यानेच ठोकली होती, मजबूत.

"कासवाच्या जागी घोडी!" असुरांचा राजा मिशी चिकटवताना म्हणाला. "कुठल्या पुराणात आहे हो हे, कासवराव?"

"तुम्ही ओढा गुमान. मागच्या वेळी दोर सोडून नाक खाजवत होतात."

उठण्याची परवानगी त्याने आदल्या दिवशीच काढली होती. दिग्दर्शक संहिता चाळत बसले होते.

"साहेब, कासव जातं कधी?"

"कुठे जातं?"

"मासा गेला, नरसिंह गेला. काम झालं की सगळे जातात. आपल्या संहितेत कासव येतं तेवढं लिहिलंय. जाताना काही नाही."

"अहो, अवतार म्हणजे कामापुरतं येणं. काम संपलं, विषय संपला."

"तेच म्हणतोय मी. विषय संपतो, पडदा पडतो, आणि मी खालीच."

दिग्दर्शक हसले. मग हसायचे थांबले. "काय पाहिजे तुम्हाला?"

"एकदा उठायचंय. उद्या घरची येणारेय."

ठरलं ते असं: मोहिनी डोंगरावर उभी राहून अमृताचा कुंभ उंचावेल, पडदा पडेल. पुन्हा वर जाईल तेव्हा ती खाली उतरेल, सुतार कवच काढून उठेल आणि सगळ्यांसोबत रांगेत उभा राहील.

मोहिनीही त्याच देवाचा अवतार. म्हणजे त्या घडीला देव खालीही असतो आणि वरही. टाळ्या वरच्याला.

प्रयोग नेहमीसारखा झाला. विष आलं, घोडा आला, हत्ती आला. सुताराला दिसत होते ते फक्त पायांचे घोटे. मोहिनी पाठीवर चढली, कुंभ वर गेला, पडदा पडला. त्याने कवचाचा पट्टा सोडला. पडदा उघडू लागला. त्याने एक तळवा जमिनीवरून उचलला.

"काका, उठू नका!" वरून कुजबुज आली. मोहिनी नवीन होती, तिचा पहिलाच प्रयोग. "पदर दोरात अडकलाय. उतरताच येत नाहीये. पडेन हो मी!"

समोर टाळ्या चालू झाल्या होत्या. देव-असुर हातात हात घालून पुढे गेले होते. मागे काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं. सुताराने तळवा परत टेकला.

"ओढू नकोस," तो खालून म्हणाला. "गाठ बसेल. हसत उभी राहा."

ती हसत उभी राहिली. रांग वाकली, परत वाकली. पडदा पडला.

पदर सोडवायला दोघीजणी लागल्या. पोरगी खाली उतरून रडायला लागली तेव्हा असुरांच्या राजाने तिला पाणी दिलं. दिग्दर्शक जाता जाता म्हणाले, "आज डोंगर जरासुद्धा हलला नाही हो." मग आठवण होऊन थबकले, पण सुतार कवच खुंटीला टांगत होता.

मागच्या दाराशी बायको उभी होती.

"उठायचं राहिलं," तो म्हणाला.

"तिचा पदर अडकला होता. बघितलं मी." तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली. "चला. सावकाश, पायरी आहे."

लग्न ठरायच्या आधी तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या घराच्या जिन्यात. तो कुणाचं तरी कपाट पाठीवर घेऊन वर चढत होता, आणि चेहरा दिसत नव्हता.