बेचाळीस होकार

मिताली सकाळपासून तेच फॉर्म उलटसुलट चाळत होती. बेचाळीस घरं, बेचाळीस फॉर्म आणि नवव्या प्रश्नाला बेचाळीस 'होय'. 'गावची निवडणूक बिनविरोध व्हावी असं तुम्हाला वाटतं का?' एकही 'नाही' नव्हता. 'सांगता येत नाही' या चौकटीत कुणी चुकूनसुद्धा खूण केली नव्हती. भोरला मितालीच्या घराशेजारी दोन सख्खे भाऊ पाण्याच्या टाकीवरून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते आणि वेल्ह्यातल्या करंजखिंडीत बेचाळीस घरांचं एकमत!

ती राज्यशास्त्रात एम.ए. करत होती. लघुप्रबंधाचा विषय तिनंच निवडला होता: ज्या गावात ग्रामपंचायतीसाठी वीस वर्षं मतदानच झालं नाही, तिथं निर्णय होतो कसा? गाव मात्र बाबांमुळं मिळालं. तिचे वडील शरच्चंद्र हे भोरच्या कोर्टात वकिली करत आणि करंजखिंडीचे उपसरपंच हनुमंतराव त्यांचे जुने अशील. हनुमंतरावांनी तिला मोटरसायकलवर बसवून घरोघर नेलं. प्रत्येक दारात "आपल्या वकीलसायबांची लेक हाय, इचारंल ते सांगा," म्हणायचे आणि मुलाखत संपेपर्यंत उंबऱ्याशी उभे राहायचे. दोन दिवसांत काम उरकलं होतं.

पुण्याला तिच्या मार्गदर्शक शैलजा मॅडमनी आकडे बघितले. चष्मा काढून विचारलं, "मुलाखती घेताना बरोबर कोण होतं?"

"कुणी नाही," मिताली म्हणाली.

असं का म्हणाली ते तिलाही कळलं नाही. मॅडमनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. पण परतीच्या गाडीत मितालीला बसवेना. जागा असूनही ती कापूरहोळपर्यंत दांडीला धरून उभी राहिली. घरी जेवताना आईनं दोनदा विचारलं, भाजी वाढू का, तिला ऐकूच आलं नाही. पुढचे चार दिवस ती लिहायला बसायची, दोन ओळी खरडायची आणि उठून गच्चीत फेऱ्या मारायची. पाचव्या दिवशी घरात कुणाला न सांगता तिनं एसटी पकडली. नसरापूर फाट्याला उतरून वेल्ह्याची वडाप जीप धरली आणि शेवटचे दोन किलोमीटर चालत गेली.

गावात भाताची झोडणी चालली होती. पहिली दोन घरं तिला बघून गडबडली. "परवाच सांगितलं की सगळं," म्हणत एका बाईनं दार लोटून घेतलं. मग ती बौद्धवस्तीत गेली. वनिता ओट्यावर पावटा सोलत बसली होती. तिशीची, बारावी झालेली, सासूबरोबर तीन खाचरं कसणारी. नवरा पानशेतला हॉटेलात कामाला.

"आज येकट्याच?" वनितानं रस्त्याकडं नजर टाकली.

"हो. तेच प्रश्न परत विचारायचेत."

"मग बसा."

नववा प्रश्न आला तशी वनिता हसली. "त्या दिवशी तुमी नक्की कुणाला इचारत हुता, ताई? मला का हनुमंतरावास्नी? ते दारात हुबे. मी व्हय म्हनले."

"आणि आज?"

वनितानं सूप जवळ ओढलं. मग बोलली. पाच वर्षांपूर्वी वॉर्डातली जागा त्यांच्या समाजातल्या बाईसाठी राखीव होती. तिनं अर्ज भरला. दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली आणि तिसऱ्या दिवशी गावातली पाच जाणती माणसं तिच्या घरी आली.

"दमदाटी केली?" मितालीनं विचारलं. तिच्या फॉर्मवर तशी ओळच होती. 'दबाव: होय / नाही.'

"न्हाई हो. च्या प्याले. माज्या सासूला मावशी म्हनले. गावाची येकी मोडू नगंस, येवढंच बोलले. जाताना कप सुदीक स्वतः उचलून ठिवले." वनितानं सुपातली शेंग निवडून बाजूला टाकली. "मी अर्ज माघारी घेतला. वस्तीतल्याच कोंडिबाची सून बिनविरोध झाली. ती सांगतील तिथं सही करती. आता तुमीच सांगा, खूण कुठं करायची?"

मितालीचं पेन 'होय' आणि 'नाही'च्या मधे थांबलं. वर्गात तिनं सत्ता आणि अधिकार यांतला फरक पाठ केला होता. दंडशक्ती, प्रभाव, संमती, सगळ्यांच्या व्याख्या लिहिल्या होत्या. उचलून ठेवलेल्या कपांचं काय करायचं ते तिला सुचेना. तिनं चौकट तशीच ठेवली आणि फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वनिता म्हणाली तसं सगळं उतरवून घेतलं.

आतून सासू पारूबाई म्हणाली, "नाव नगं लिवू गं पोरी आमचं."

"नाव कुणाला कळणार नाही, आजी. शब्द देते."

त्या दिवशी आणखी दहा घरं बोलली. त्यातली सहा पहिल्यापेक्षा वेगळं बोलली.

रविवारी हनुमंतराव भोरला घरी आले. आंबेमोहोर तांदळाची पिशवी घेऊन. बाबांशी जमिनीच्या कामाचं बोलले, चहा घेतला, मग मितालीकडं वळले.

"ताई, परत येऊन गेला म्हनं. सांगायचं तरी. जेवून गेला असता."

"गडबडीत होते, काका."

"असू दे. तेवढं फॉर्मचं झेरॉक्स दिलं असतं तर बरं झालं असतं. गावच्या रेकॉर्डला ऱ्हाईल. आमचंबी नाव हुतंय."

बाबा म्हणाले, "दे की. त्यात लपवण्यासारखं काय आहे? त्यांनीच तर गाव दाखवलं तुला."

हनुमंतराव हसत होते. आवाजात कुठं धार नव्हती. मितालीच्या तोंडाशी 'हो' आलं, अगदी सहज, पाहुण्याला पाणी द्यावं तसं. खरं तर उठून ती आतल्या कपाटापाशी गेलीसुद्धा. वरच्याच फॉर्मवर तिच्याच अक्षरात होतं: वनिता, घर क्रमांक एकतीस. त्या बाईनं अर्ज मागं घेतला तेव्हा तिला काय झालं असेल, ते व्याख्येतून नव्हे, तोंडाशी आलेल्या त्या 'हो'मधून कळत होतं.

ती रिकाम्या हातानं बाहेर आली. "नाही देता येणार, काका. नावं बाहेर जाणार नाहीत असं सांगून घेतलेत मी."

"आमी काय बाहेरचं?"

"मिताली," बाबा हळूच म्हणाले.

"नाही देणार, बाबा."

मग हनुमंतराव उठले, बाबांना नमस्कार केला आणि "चांगलं शिका," म्हणून निघून गेले. बाबा दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. पुढच्या महिन्यात हनुमंतरावांनी जमिनीचं काम दुसऱ्या वकिलाकडं नेलं.

तिनं पुण्याला जाऊन मॅडमना खरं काय ते सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. "पहिले बेचाळीस बाद," एवढंच म्हणाल्या. "नव्यानं करायचं, म्हणजे हे सत्र गेलं. आणि फॉर्मवर नावं लिहायची नसतात, हे पहिल्या तासाला शिकवलं होतं मी." मितालीनं नावं काळ्या शाईनं खोडली, इतकी की कागद फाटले.

मग वनिताला फोन लावला. आपण फॉर्म दिले नाहीत हे सांगावं, तिच्या जिवाला बरं वाटेल, असं वाटलं होतं.

"दिलं न्हाईत ते बेस केलंत," वनिता म्हणाली. "पर ताई, तुमी माज्या वट्यावर तासभर बसला हुता. त्ये आक्क्या गावानं बगितलं. औंदा झोडनीला कुनी बोलावलं न्हाई मला."

मितालीला खुर्चीत बसवेना. "माझ्यामुळं झालं हे."

"व्हय, थोडं तुमच्यामुळं," वनिता सरळ म्हणाली. "आता कळलंच हाय समद्यास्नी, तर अर्ज भरते म्हनते. या बारीला जागा समद्या बायांसाठी खुली हाय. हनुमंतरावांची भावजय हुबी हाय."

या वेळीही माणसं चहाला आली. पारूबाईनं दूध नाही म्हणून सांगितलं. वनितानं अर्ज मागं घेतला नाही.

वीस वर्षांत पहिल्यांदा करंजखिंडीच्या शाळेत ग्रामपंचायतीसाठी मतदान झालं. मिताली गेली, पण केंद्रापासून लांब, रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिली. वही तिनं उघडली नाही. माणसं येत होती, बोटाला शाई लावून घेत होती. बाहेर पडल्यावर कुणी कुणाकडं बघत नव्हतं. परवापर्यंत एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या दोन बाया तोंड फिरवून गेल्या. हे आपण बघतोय की आपण केलंय, या विचारानं ती उठायची, चार पावलं चालायची, परत बसायची.

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला मोजणी झाली. वनिताला एकसष्ट मतं पडली. हनुमंतरावांच्या भावजयीला शंभराच्या वर. संध्याकाळी वनितानं स्वतःच फोन करून सांगितलं. आवाज नेहमीचाच होता.

"वाईट वाटलं का?" मितालीनं विचारलं.

"वाटलं की. वस्तीतली जास्तीत जास्त चाळीस धरली हुती म्या. म्हंजी वरची येकवीस कुनाची?" ती म्हणाली. "सकाळपास्नं त्योच इचार करतीय. रस्त्यानं जाताना हरेकाच्या तोंडाकडं बगती."

मितालीचा लघुप्रबंध पुढच्या सत्रात पूर्ण झाला. आपण गेल्यामुळं गावात काय बदललं, यावर तिनं सहा पानं लिहिली. तपासणाऱ्यांनी शेरा मारला: विषयाबाहेरचा भाग. मार्क बेताचेच पडले. ती सहा पानं काढून टाक, असं मॅडमनी आधी सुचवलं होतं. तिनं काढली नव्हती.