पाण्याच्या दिवसाची पुडी

समुद्रानं चुनह्वाताईचं काही बरंवाईट केलं असतं, तर मी त्याला चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण तिचं वाटोळं झालं ते कोरड्या जमिनीवर, स्वतःच्या घरात, सुट्टीच्या दिवसांत. आणि ते होत असताना मी समोर बसून मुळे चिरत होते.

आम्ही दोघी पाण्यातल्या जोडीदार. ती बहात्तरची, मी त्रेसष्टची. दम धरून तळाशी जायचं, खडकाला चिकटलेले शंख-शिंपले लोखंडी पट्टीनं उचकटायचे, वर येऊन पाण्यावर सोडलेला तरंगा धरायचा, शिट्टी वाजवल्यासारखा श्वास सोडायचा आणि पुन्हा खाली. मी सोळाव्या वर्षी पहिल्यांदा उतरले तेव्हा शेजारी तीच होती. आज पाणी कसं आहे, हे ती घरातल्या घरात नुसत्या लाटांच्या आवाजावरून सांगायची. तिचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही.

आमच्याकडे भांग असतो तेव्हा, म्हणजे पाण्याला ओढ कमी असते तेव्हा, सातआठ दिवस उतरायचं. मग उधाण लागलं की आठवडाभर घरी. आणि उतरण्याआधी डोकेदुखीच्या पावडरीची एक पुडी तोंडात टाकायची. खालच्या दाबानं डोकं फुटायला येतं, म्हणून आमच्या आया घ्यायच्या, आम्हीही घेतो. ही चांगली सवय आहे असं मी म्हणत नाही. पण सुट्टीच्या दिवशी ती पुडी कुणी घेत नाही. कशाला घेईल?

दोन वर्षांपूर्वी ताईचा उजवा हात थरथरायला लागला. शेकोटीपाशी कपडे बदलताना ती तो मांडीखाली दाबून बसायची. तिची मुलगी मीग्योंग तिला आमच्या बेटावरच्या जेजू शहरात डॉक्टरकडे घेऊन गेली. कंपवात निघाला. औषधानं आजार जाणार नाही, पण हातपाय चालते राहतील, असं डॉक्टर म्हणाले. दिवसातून चार वेळा, ठरल्या वेळी घ्यायचं, आणि आपल्या मनानं कधीही बंद करायचं नाही. पाण्याचं तर नावच काढायचं नाही. मीग्योंगनं हे सगळं मला दोनदा बजावलं. ती शहरात नोकरीला, आई इथे एकटी. "मावशी, ती माझं ऐकत नाही. तुम्ही लक्ष ठेवा," म्हणाली. ठेवते, असं मी म्हटलं.

पाण्यात उतरू नका, हे ताईनं डॉक्टरच्या दारातच सोडून दिलं होतं. इतर बायकांना आजार कळला असता तर त्यांनी तिचा तरंगा काढून भिंतीला टांगला असता. ताई मला म्हणायची, "तरंगा नको, मलाच टांगा." मी हसायचे आणि गप्प बसायचे. तिच्याशिवाय उतरायचं माझ्याही जिवावर आलं होतं, हे खरं कारण.

आता शहरातला औषधवाला प्रत्येक वेळच्या गोळ्या वेगळ्या कागदी पुडीत घालून देतो. पुड्यांची लांबच लांब माळ असते, एकेक फाडून घ्यायची. पुडी बघितली आणि ताईच्या मनानं घेतलं की हीही तसलीच, पाण्याच्या दिवसाची. महिन्याभरात तिनं आपलं वेळापत्रक बसवलं. भांगात घ्यायच्या, वर एखादी जास्त. उधाणात एकही नाही, सगळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

मी एकदा विचारलं. ती मुळे सोलत होती, साल इकडे, सुरी तिकडे.

"मुळा सोलायला औषध कशाला गं?" ती म्हणाली. "थरथरू दे हात. मुळ्याला काय कळतंय?"

आणि मी म्हटलं, "खरंच ताई. कोरड्यावर कशाला वाया घालवायचं?"

हे वाक्य माझं आहे. मीग्योंगला मी अजून ते सांगितलेलं नाही.

पाण्यात मात्र मी डोळ्यांत तेल घालून होते. तिचा तरंगा माझ्या तरंग्याला बांधायचे. ती खाली गेली की मनात आकडे म्हणायचे, आणि शिट्टी ऐकू आली की मगच माझा दम घ्यायचे. जास्तीच्या पुडीनं ती तरुण पोरीसारखी सूर मारायची. वर आल्यावर शेकोटीपाशी तिची मान आणि खांदे आपोआप वळवळत राहायचे. बायका चिडवायच्या, म्हातारीला नाच सुचतोय. ती पण हसायची. चोर घरात आणि मी पहारा देत होते समुद्रावर.

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या सुमाराला उधाण संपतं ना संपतं तोच वादळ आलं. सात दिवसांची सुट्टी अकरा दिवसांची झाली. चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा ती भिंत धरून चालत होती. अंग आखडलंय, पाणी लागलं की सुटेल, म्हणाली. सातव्या दिवशी समुद्री शेवाळाचं सूप तिच्या हनुवटीवरून ओघळलं. दहाव्या दिवशी तिला कुडत्याची गुंडी लावता येईना. मी लावली. तिचं कपाळ घामानं ओलं होतं आणि खोलीत तर गारठा होता.

मी डबा उघडला, एक पुडी फाडून हातात घेतली. "घे ताई, एवढी एक घे."

"वाऱ्याचा आवाज ऐक," ती म्हणाली. शब्द दातांतून येत होते. "परवा पडेल. परवा उतरू. तेव्हा दोन घेईन."

वाऱ्याबद्दल तिचं बरोबर होतं. मी पुडीचं तोंड दुमडलं आणि ती परत डब्यात ठेवली. तिच्या तोंडात कोंबता आली असती. माझे हात धडधाकट होते.

सकाळी ती जमिनीवर पडलेली सापडली. अंग तव्यासारखं तापलेलं, हातपाय लाकूड, दातखीळ बसलेली, डोळे उघडे. रुग्णवाहिकेत मी तिचा हात धरला तर बोटं उलगडेनात.

डॉक्टरनं विचारलं, शेवटची पुडी कधी घेतली. मी सांगितलं, अकरा दिवसांपूर्वी. तो माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं, बरं झालं असतं. त्यानं पेन खाली ठेवलं. "आजी, हे औषध आम्हाला कमी करायचं असलं तरी आम्ही थोडं थोडं करून, नजरेखाली करतो. एकदम तुटलं की शरीर असं पेटतं. हे आम्ही सांगितलं होतं." स्नायू झिजताहेत, मूत्रपिंडं थकलीत, असंही तो म्हणाला. पुढचं मला नीट ऐकू आलं नाही.

मीग्योंगनं घरी येऊन डबा उघडला. पुड्या काठोकाठ होत्या. वरची एक फाडून दुमडलेली होती.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

तिनं झाकण लावलं. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

दीड महिन्यानं ताईला घरी आणलं. ती आता उठत नाही. उठेल असं कुणी म्हणतही नाही. औषध दिवसातून चार वेळा, मोबाईल वाजला की. मीग्योंग नोकरी सोडून आली आहे, पण तिच्या हातून ताई पुडी घेत नाही. ओठ घट्ट मिटते आणि पुटपुटते, "आज उधाण आहे. वाया कशाला?" माझंच वाक्य.

म्हणून चारही वेळा मी जाते. तिच्या कानाशी वाकून म्हणते, "भांग लागलाय ताई. उतरायचंय." मग ती तोंड उघडते. गोळी गिळली की विचारते, "माझी पट्टी घासलीस?" मी म्हणते, घासली. अर्ध्या तासानं तिची बोटं जरा सैल होतात आणि ती दाराकडे बघत राहते, कुणीतरी न्यायला येईल म्हणून. मी मान खाली घालून तिचे पाय चोळत बसते.

समुद्र दिसू नये म्हणून मीग्योंगनं तिची गादी मागच्या खोलीत हलवली आहे. पण आवाज कुठे हलवणार?

परवा पुन्हा वादळ होतं. छपराचे पत्रे वाजत होते, लाटा धक्क्यावरून रस्त्यावर येत होत्या. अकराला मोबाईल वाजला. मी वाकले आणि म्हटलं, "भांग लागलाय ताई. उतरायचंय."

तिनं ऐकलं. मग बाहेरचं ऐकलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. सत्तेचाळीस वर्षांत, ती अंथरुणाला खिळेपर्यंत, पाण्याबद्दल मी तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते.

तिनं तोंड उघडलं. मी गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं, हनुवटी पुसली.

पट्टीचं तिनं विचारलं नाही.