खाकीच्या आतलं काळं अस्तर

मी अस्तर बोलतोय. एका कंडक्टरबाईंच्या खाकी कोटाच्या आतलं काळं अस्तर. अस्तराला बोल म्हणून कुणी सांगत नाही. आज डेपोतल्या खुंटीवर निवांत टांगलेला आहे, तेव्हा म्हटलं, आपणच सुरुवात करावी.

माझा जन्म अस्तर म्हणून झाला नाही. नांदेडच्या एका दुकानात मी काळा टी-शर्ट होतो. छातीवर पांढरी कवटी, तिला वटवाघळाचे पंख आणि पंखांत धरलेली गिटार. गिऱ्हाइकं मला बघायची आणि पुढं जायची. एक दिवस हिंगोलीची प्रियदर्शनी आली. भुवईत बारीक कडी, नखं काळी, केसांची एक बट जांभळी. अंगाला लावून बघायच्या आधीच ती म्हणाली, "हाच!"

ती तेव्हा कॉलेजात होती. तिला आणि तिच्या चार मित्रांना मेटल संगीताचं भारी वेड. त्यातल्या एकाच्या वडिलांचं वसमतला हळदीचं गोदाम होतं. सराव तिथंच चालायचा, कारण ड्रम कितीही बडवा, पोत्यांच्या थप्प्या सगळा आवाज गिळायच्या. प्रियदर्शनीचं गाणं म्हणजे पोटातून काढलेली गुरगुर. पहिल्या दिवशी राखणदार काठी घेऊन धावत आला होता, आत बिबट्या शिरला म्हणून! त्या गोदामातली हळद माझ्यावर बसली ती बसलीच. कवटीचे दात पिवळे पडले, ते आजतागायत.

पुढं मुलं पांगली. प्रियदर्शनीला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली. तिच्या आईनं, जनकाबाईंनी, गल्लीभर पेढे वाटले. रुजू व्हायला गेली तेव्हा निरीक्षक अमृतराव साहेबांनी तिला नखापासून बटेपर्यंत न्याहाळलं.

"हे सगळं घरी ठेवून यायचं," ते म्हणाले. "प्रवाशांनी तुमच्याकडं तिकीट मागावं. तुम्हाला बघून रामरक्षा म्हणू नये. सहा महिन्यांनी मी अहवाल देणार, मग नोकरी पक्की. कळलं?"

"कळलं, साहेब."

तिला नोकरी हवी होती. खोटं कशाला सांगू, आवडतही होती. गाव, माणसं, रोजचा रस्ता. तिनं कडी काढली, बट कापली, नखं घासली. पण सकाळी आरशासमोर उभी राहिली की क्षणभर थांबायची. ओळखीचं कुणीतरी यायचं राहून गेलंय, असं बघायची.

मग एक दिवस तिनं मला घडी करून पिशवीत घातलं आणि सटवाजी शिंप्यांकडं नेलं. थंडीसाठी खाकी कोट शिवायला टाकला होता.

"काका, याचं अस्तर लावा."

सटवाजींनी मला ताणून बघितलं. "होजिअरीचं अस्तर? पोरी, हे ओढल्या जातं. आन् हा कोण भुताचा मामा?"

"तो माझा आहे, काका. बाहेरून दिसणार नाही."

"अस्तर दिसत न्हाईच. पर अस्तर बराबर नसलं तर कोट अंगावर बसत न्हाई, ते दिसतंय." असं पुटपुटत त्यांनी मला उभं कापलं. मागून पातळ सुती कापड जोडलं, बाजूंना काळं साटीन लावलं आणि कवटी बरोबर पाठीच्या मधोमध आणली. त्या दिवशी मी अस्तर झालो.

बाहेर खाकी, बिल्ला, चकचकीत बटणं. आत मी. प्रियदर्शनी ताठ चालू लागली. तिकिटाच्या मशीनवर बोटांनी ताल धरायची. आणि गोदामात कमावलेला तिचा तो आवाज! स्थानकात उभी राहून "औंढाऽऽ!" अशी आरोळी ठोकली की झोपलेली कुत्री उठून बसायची आणि तिकडं शौचालयाशी गेलेली माणसंही धावत यायची. ड्रायव्हर जळबा गालात हसायचे. पन्नाशीचा माणूस, बोलायचे फार कमी. बायको गेल्यापासून तर डब्बल बेल ऐकली की गाडी सोडायची, एवढंच.

जानेवारीत तिचे सहा महिने भरत आले. त्या आठवड्यात सकाळच्या औंढ्याच्या गाडीत शालूबाई नावाची एक म्हातारी चढली. तिच्या खिडकीची काच अडकलेली, वारं नुसतं झोंबत होतं. म्हातारीचे दात वाजायला लागले. प्रियदर्शनीनं कोट काढून तिच्या अंगावर घातला.

"लेकरा, तुला थंडी न्हाई का?"

"मला तिकिटं फाडायचीत, आजी. गरम होतं."

औंढा आलं. गर्दी उतरली आणि गर्दीबरोबर म्हातारीही उतरली. कोटासकट! प्रियदर्शनी शोधायला धावणार, तोच समोर अमृतराव साहेब. अचानक तपासणी.

"कोट कुठंय?"

"साहेब, एका आजीला..."

एवढ्यात शालूबाईच हाका मारत परत आली. "ओ कंडक्टरबाई! तुमचा कोट ऱ्हायला की माझ्यापाशी!" सरकारी खाकी मळू नये म्हणून तिनं कोट निगुतीनं उलटा केला होता आणि दोन्ही हातांवर पूजेचं ताट धरावं तसा धरला होता. मी अख्ख्या स्थानकासमोर उन्हात. कवटी, पंख, गिटार, पिवळे दात, सगळं.

गर्दी थांबली. मला तर शिवणीतून उसवून जावंसं वाटलं.

शालूबाईचंही आत्ताच लक्ष गेलं. "अगं माय! ह्यो कोण? दात काहून इतके पिवळे? तंबाखू खातो व्हय?"

खसखस पिकली. साहेब हसले नाहीत. "तुम्हाला काय सांगितलं होतं?"

प्रियदर्शनीचे कान लाल झाले होते, पण मान खाली गेली नाही. "घरी ठेवून यायला सांगितलं होतं, साहेब. बाकी सगळं ठेवलं. एवढं एकच आत घेतलं. बाहेर एक टाकासुद्धा जास्त नाही."

"घाला."

तिनं कोट सुलट केला, घातला, बटणं लावली. मी तिच्या पाठीला चिकटलो. तिचं काळीज ड्रमसारखं वाजत होतं. साहेब तिच्याभोवती एक फेरी मारून आले. कॉलर बघितली, बिल्ला बघितला.

"जळबा, काही दिसतंय का?"

जळबांनी सावकाश बघितलं. "न्हाई साहेब. बराबर बसलाय कोट."

"अस्तराबद्दल नियमात काही नाही," साहेब स्वतःशीच बोलले. मग कागद काढून, वाचत वाचत लिहिलं, "गणवेश... नीटनेटका. वागणूक... चांगली." खाली सही केली. निघता निघता थांबले, आपला खांद्यावर चुण्या पडलेला कोट ओढत हळूच म्हणाले, "शिंपी कोण आहे तुमचा?"

नोकरी पक्की झाली. पुन्हा पेढे. शालूबाई अजून गाडीत चढली की विचारते, "तुझा तंबाखूवाला बरा हाय का?"

आणखी एक सांगतो आणि थांबतो. त्या महिन्यातच जळबा सटवाजींच्या दुकानात गेले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं होतं. त्यात त्यांच्या बायकोचं, सेवाबाईंचं, हिरवं पातळ. लाल काठाचं. "कोटाला आतून लावा," एवढंच म्हणाले.  सटवाजींनी काठ तेवढा डाव्या बाजूला, काळजापाशी घेतला.

आता आम्ही शेजारशेजारच्या खुंटीवर असतो. हिरव्याला शिकेकाईचा मंद वास आहे. मी त्याला गोदामातल्या गमती सांगतो. ते ऐकतं. परवा प्रियदर्शनी मशीनवर ताल धरत होती, तर पुढं स्टिअरिंगवर जळबांची बोटंही वाजायला लागली. ठेका चुकत होता, पण वाजत होती.

कधी आमच्या गाडीत बसलात आणि थंडी वाजली, तर कोट मागा. बाई देतील. फक्त परत करताना उलटा करू नका. किंवा करा, आता मला कसलं भ्यायचंय!

बाई आल्या वाटतं. बाह्यांत हात गेले. पाठ उबदार झाली. औंढाऽऽ! दार लागलं, डब्बल बेल वाजली. निघतो.